ज्याने खेळ आणला, त्यालाच गटातून जाण्यास कसे सांगावे?

मांडवीकर, रत्नागिरी

नमस्कार. गेली अडीच वर्षे आम्ही सहा जण रत्नागिरीत एक रविवार आड डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो: प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र, म्हणजे कॅरेक्टर, घ्यायचे, ते काय करते हे बोलून सांगायचे आणि ते साधले की नाही हे फासे टाकून ठरवायचे, असा हा खेळ. डीएम, म्हणजे कथा सांगून खेळ चालवणारा, मी आणि बाकीचे पाच खेळाडू. आमच्या घराच्या माडीवर दुपारी दोनला बसायचे आणि साडेसहाला आवरायचे, असा शिरस्ता आहे, कारण आमच्यातील एकीला पावस गावाकडे जाणारी एस.टी. गाठायची असते. आता या पाचांपैकी एकाला यापुढे येऊ नकोस असे सांगण्याची वेळ आली आहे. सांगावे की नाही यावर माझा बराच विचार करून झाला आहे. कसे सांगावे हे मात्र उमगत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

हा मित्र शाळेपासूनचा आहे आणि आमच्याच आळीत राहतो. पुण्यात शिकत असताना त्याने हा खेळ पाहिला, पहिले फासे आणि तिन्ही मुख्य पुस्तके त्यानेच आणली आणि आम्हाला खेळायला शिकवले तेही त्यानेच. हे मी एक दिवसही विसरलेलो नाही, आणि अडचण मुळात तिथेच आहे.

पावसची जी खेळाडू आहे, ती विझार्ड, म्हणजे जादूगार, खेळते. पाचव्या लेव्हलला, म्हणजे पात्राच्या प्रगतीच्या पाचव्या पायरीवर, विझार्डला फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र टाकता येतो आणि तिथवर पोहोचायला आम्हाला चौदा महिने लागले. जुलैमधल्या एका सेशनला अखेर ती वेळ आली. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज गेली होती, मधोमध चार्जिंगचा दिवा ठेवला होता आणि दमट हवेने कॅरेक्टर शीट इतकी मऊ पडली होती की खोडरबर फिरवला तर कागदच निघून यावा. तिने आठ सहापैलू फासे एकेक करून ओंजळीत जमवले, वीस फुटांच्या त्रिज्येत कोण कोण सापडते ते नकाशावर बोटाने मोजले, आणि ती “मी इथे टाकते” असे म्हणते न म्हणते तोच या मित्राने “तिथे नाही, दोन घरे अलीकडे” असे म्हणत तिच्या ओंजळीतले फासे उचलले आणि स्वतः टाकले. बेरीज चौतीस आली. ती त्याने मोठ्याने सांगितली. समोरची टोळी जवळजवळ संपली. ती काहीच बोलली नाही; पेन्सिल शीटवर आडवी ठेवून खिडकीबाहेर पाहत राहिली. मीही काही बोललो नाही, आणि त्याची टोचणी अजून गेलेली नाही.

ही एकच घटना असती तर मी इथे लिहिले नसते. दुसऱ्याची पाळी चालू असताना मध्येच बोलणे, प्रत्येक निकालावर पुस्तक उघडून अर्धा अर्धा तास वाद घालणे, पार्टीतील, म्हणजे आमच्याच पात्रांच्या चमूतील, क्लेरिकचे (पुजाऱ्याचे) पवित्र चिन्ह चोरून विकणे आणि कोणी हरकत घेतली की “माझे कॅरेक्टरच तसे आहे” असे उत्तर देणे, हे नेहमीचे झाले आहे. याहून वाईट म्हणजे, खेळात आम्ही एखाद्या सराईत उतरलो की खोली स्वस्तात मिळवण्यासाठी विझार्डला मालकाकडे पाठवू, अशी सूचना तो प्रत्येक वेळी करतो. पहिल्यांदा दोघे हसले होते. आता कोणी हसत नाही, तरी तो थांबत नाही. मागची दोन सेशन्स ती आली नाही. घरी काम आहे असे तिने कळवले.

मी आजवर जे केले ते आडून आडून केले. त्याच्या कॅरेक्टरला दोनदा सापळ्यात अडकवले, शहराच्या कोतवालाकडून पकडवले. त्याला वाटले की कथेचा रोख आपल्यावर आहे, आणि तो अधिकच रंगात आला. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर “सर्वांनी एकमेकांना बोलू द्यावे” असे लिहिले. त्यावर ज्यांचा काही दोष नव्हता त्या तिघांनी माझी क्षमा मागितली, आणि त्याने अंगठा दाखवून संमती दिली.

गणपती तोंडावर आले आहेत. दरवर्षी आम्ही एकमेकांच्या घरी आरतीला जातो, माझी आई आणि काकू, म्हणजे त्याची आई, रोज बाजारात भेटतात. मुंबई-पुण्यात एखाद्या गटातून माणूस गेला की तो पुन्हा दिसत नसेल. इथे तो दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या रांगेत भेटणार आहे. माझे दोन प्रश्न आहेत. हे त्याला मी एकट्याने सांगावे की सर्वांनी मिळून? आणि सण होऊन जाऊ द्यावा की त्याआधीच सांगावे?

चिपळूणची डीएम

मांडवीकर, तुमच्या पत्रातला जो परिच्छेद मी तीनदा वाचला, तो फायरबॉलचा नव्हे, तर तुम्ही आजवर काय केले त्याचा आहे. तुम्ही त्याच्या कॅरेक्टरला शिक्षा केलीत आणि ग्रुपवर सर्वांना मिळून सूचना केलीत. पण त्या माणसाला, त्याच्या तोंडावर, “तू तिच्या हातातले फासे उचललेस, हे चुकले” असे एकाही माणसाने एकदाही सांगितलेले नाही. त्याच्या बाजूने पाहिले तर अडीच वर्षे सारे काही सुरळीत चालले आहे. हे मी त्याची कड घेण्यासाठी लिहीत नाही. तुम्ही बोलायला बसाल तेव्हा तो पहिला प्रश्न हाच विचारणार आहे आणि त्याचे खरे उत्तर तुमच्याजवळ असले पाहिजे, म्हणून लिहीत आहे.

खेळातून शिक्षा केल्याने हे प्रश्न सुटत नाहीत, याचे कारण या खेळाच्या रचनेतच आहे. डीएमला जो अधिकार असतो तो खेळातील जगापुरता असतो. १९७४ साली हा खेळ पहिल्यांदा छापला गेला, तेव्हा त्याच्या नियमांत खेळ चालवणाऱ्याला रेफरी म्हटले होते, आणि मला तो शब्द अजूनही योग्य वाटतो. बाण लागला की नाही, दार उघडले की नाही, हे रेफरी ठरवतो. टेबलाभोवती बसलेली माणसे एकमेकांशी कशी वागतात हा फाशांनी ठरवण्याचा विषय नाही, आणि त्याचा निवाडा सापळा लावून किंवा कॅरेक्टर मारून करायला गेले की समोरच्याला ती खेळातली चाल वाटते. तुमच्या मित्राला नेमके तेच वाटले.

आता त्याच्या वागण्याचे दोन भाग वेगळे करा. मध्ये बोलणे, नियमांवरून वाद घालणे, सोबत्यांच्या वस्तू चोरणे, हा पहिला भाग. एरवी मी म्हटले असते की त्याला स्पष्ट शब्दांत सांगा, दोन सेशन्स वाट पाहा आणि मग ठरवा. आमच्या गटात असे दोघांच्या बाबतीत झाले. एक जण सुधारला आणि आज आमच्यातला सर्वांत चांगला खेळाडू आहे, दुसरा स्वतःहून यायचा बंद झाला. सराईचा प्रकार मात्र दुसऱ्या भागात मोडतो. एका मुलीला दर खेपेस तिच्या कॅरेक्टरच्या आडून असे ऐकावे लागत असेल, ती त्यामुळे येईनाशी झाली असेल आणि समोरच्याला तिचे गप्प होणे दिसूनही तो थांबत नसेल, तर त्याला आणखी एक संधी देणे म्हणजे तिला आणखी एक रविवार ते सोसायला लावणे होय. इथे मी संधी देण्याच्या बाजूची नाही.

तिच्याशी आधी बोला, पण निर्णयाचा भार तिच्यावर टाकू नका. “तुझे काय मत आहे, त्याला काढू का?” असे विचारलेत तर ती नको म्हणेल, कारण उद्या गावभर तिच्याच नावाने बोलले जाईल हे तिला पक्के ठाऊक आहे. “जे झाले ते मी पाहिले, मी तेव्हाच बोलायला हवे होते, आता मी बोलणार आहे आणि त्यात तुझे नाव येणार नाही” एवढेच सांगा. उरलेल्या तिघांनाही एकेकट्याने भेटून निर्णय कळवा. हात वर करून मतदान घेऊ नका.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर: एकट्याने सांगा. पाच जण एका बाजूला आणि तो एका बाजूला, असे बसवले की ती पंचायत होते आणि त्याला फक्त स्वतःचा बचाव करणे उरते. माडीवर बोलावू नका, त्याच्या घरी जाऊ नका, सेशनच्या आधी किंवा नंतर बोलू नका. बाहेर कुठेतरी चालत चालत बोला, म्हणजे त्याला हवे तेव्हा निघून जाता येईल. पहिल्या दोन वाक्यांतच मुद्द्यावर या. अर्धा तास इकडचे तिकडचे बोलून शेवटी हे सांगितलेत तर तो अर्धा तासही त्याला फसवणूक वाटेल. निर्णय झालेला असेल तर “काय करूया?” असे विचारू नका. तीसच्या तीस तक्रारी वाचून दाखवू नका. तुम्ही स्वतः पाहिलेल्या दोन घटना पुरेत.

कुडाळकर

मी थोडा वेगळा विचार मांडतो. माझे मामा दशावतारी कंपनीत अनेक वर्षे काम करत होते आणि लहानपणापासून जत्रांच्या रात्री मी रंगमंचाच्या बाजूला, पेटी आणि पखवाजाच्या शेजारी बसून काढल्या आहेत. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आज कोणते आख्यान लावायचे आणि कोणाकडे कोणते सोंग एवढे ठरते. पुढे राजा काय बोलेल आणि राक्षस त्याला काय उत्तर देईल ते रंगमंचावरच जन्माला येते. तुमचा खेळ मी भाच्यांबरोबर तीन वर्षे खेळतो आहे आणि मला तो या कारणाने पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला.

लिहिलेले संवाद नसले की समोरच्याचे ऐकणे हेच निम्मे काम होऊन बसते. मामा सांगत की ज्या नटाला बोलायला येते पण थांबायला येत नाही, त्याच्यासमोर उभ्या असलेल्या नटाचे सोंग मरते; प्रेक्षकाला कारण कळत नाही, त्याला फक्त आख्यान पडल्यासारखे वाटते. तुमच्या मित्राने केले ते हेच आहे. तिच्या वाट्याचे वाक्य त्याने म्हणून टाकले.

मात्र अशा नटाला लगेच घरी पाठवलेले मी पाहिलेले नाही. त्याच्याकडे असे सोंग देत, ज्यात त्याला एकट्यालाच बोलायचे असे, आणि दुसऱ्याबरोबरच्या प्रवेशातून त्याला दूर ठेवत. तुमच्या मित्राने हा खेळ तुम्हाला शिकवला आहे, नियम त्याला पाठ आहेत. त्याला डीएम होऊ द्या. नवी मुले जमवून त्याने वेगळा गट चालवावा, त्याची पुस्तके तिथे कामी येतील, आणि “तुला काढले” असे म्हणण्याऐवजी “तू स्वतःचे टेबल लाव” असे म्हणता येईल. अडीच वर्षांपूर्वी ज्याने दार उघडले त्याला त्याच दारातून बाहेर काढताना एवढा विचार तरी व्हावा, असे मला मनापासून वाटते.

चिपळूणची डीएम

कुडाळकर, तुमचे दशावताराचे उदाहरण मला पटले, त्यातून काढलेला निष्कर्ष पटला नाही. जो माणूस खेळाडू असताना दुसऱ्याच्या हातातले फासे घेतो, त्याच्या हाती अख्खे टेबल दिले तर नव्या मुलांचे काय होईल? तिथे पंधरा-सोळा वर्षांच्या मुली असतील. आपल्या गटाला नको असलेला माणूस दुसऱ्या गटाला सन्मानाने भेट देणे, यात मित्राची भीड राखली जाते, पण त्या मुलांचा विचार होत नाही. त्याने पुढे स्वतःहून टेबल लावले तर तो त्याचा प्रश्न आहे. मांडवीकरांनी ते आमिष म्हणून पुढे करू नये.

दापोलीतून

मी या चर्चेत दुसऱ्या बाजूने लिहीत आहे. मला एका गटातून काढलेले आहे.

मुंबईत नोकरीला असताना आमचा पाच जणांचा गट होता, दर शनिवारी रात्री खेळायचो. एका शनिवारी निरोप आला की डीएमला बरे नाही. पुढच्या शनिवारी कोणाच्या तरी घरी पाहुणे आले. मग ग्रुप हळूहळू शांत होत गेला. मी दर आठवड्याला विचारत होतो, आणि माझ्या कॅरेक्टरची सातव्या लेव्हलची शीट पिशवीत तयार होती. चार महिन्यांनी त्यांच्यातल्याच एकाच्या फोनवर, तो मला दुसरेच काही दाखवत असताना, वर संदेश झळकला: आज रात्री आठ वाजता सेशन. त्यांनी माझ्यावाचून नवा ग्रुप केला होता आणि एकही शनिवार चुकवला नव्हता.

मी काय चुकत होतो ते मला आज माहीत आहे. मी प्रत्येक लढाईत सर्वांच्या चाली ठरवत असे. मला ते मदत केल्यासारखे वाटे. त्यांनी मला तोंडावर सांगितले असते तर मी नक्की वाद घातला असता, कदाचित रागाने ओरडलोही असतो, आणि घरी जाऊन दोन दिवस जेवलो नसतो. तरीही मला सांगायला हवे होते. न सांगितल्यामुळे त्या चार महिन्यांतली प्रत्येक गोष्ट मी पुन्हा उलगडून पाहिली: तेव्हा तो खरोखर आजारी होता का, वाढदिवसाला बोलावले ते मनापासून होते का. खेळ गेल्याचे दुःख वर्षभरात ओसरले. माणसांच्या बोलण्यावरचा जो विश्वास गेला, तो अजून पूर्णपणे परत आलेला नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझे ठाम मत आहे. सणाच्या आधी सांगा. तुम्ही त्याच्या घरी आरतीला उभे राहिलात, काकूंच्या हातचा मोदक खाल्लात आणि विसर्जनानंतर त्याला हे सांगितलेत, तर तुम्ही हसत आरती म्हणत होतात तेव्हाही हेच तुमच्या मनात होते, हे त्याला कळेल. सांगून झाल्यावर मात्र आरतीला जाणे टाळू नका. त्याने तोंड फिरवले तरी जा. तुम्ही त्याला टेबलावरून उठवत आहात. आळीतून नाही, हे त्याला तुमच्या जाण्यावरूनच समजेल.

आणखी एक विनंती. त्याने विचारले की “मी सुधारलो तर परत येऊ का?”, तर मनात नसताना हो म्हणू नका. मी अशा एका ‘बघू’वर चार महिने काढले आहेत.

मांडवीकर, रत्नागिरी

सर्वांचे आभार. ताई, मी तिच्याशी बोललो. तुम्ही सुचवलेलेच शब्द वापरले. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की दोन रविवार ती एस.टी. स्टँडपर्यंत येऊन परत गेली होती. घरी काम नव्हते. हे ऐकल्यावर माझ्या मनात जी थोडी चलबिचल होती ती संपली.

आता एक व्यवहाराचा प्रश्न उरतो. पुस्तके त्याची, फासे बहुतेक त्याचे, कॅम्पेनचा, म्हणजे आमच्या सलग चाललेल्या कथेचा, मोठा नकाशाही त्यानेच आलेख कागदावर काढलेला. ते मागे ठेवून घेणे मला प्रशस्त वाटत नाही, आणि परत केले तर आमच्याजवळ खेळायला काही राहत नाही. त्याच्या कॅरेक्टरचे कथेत काय करावे, तेही सुचवावे.

चिपळूणची डीएम

सर्व परत करा, आणि तो मागेल याची वाट पाहू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावरची सगळी पुस्तके गेली. पाणी ओसरल्यावर कपाट उघडले तेव्हा पानांचा चिखलाने एकच ठोकळा झाला होता. त्यानंतर वर्षभर आम्ही आठवणीतल्या नियमांवर खेळलो. जानेवारी २०२३ मध्ये प्रकाशकांनी या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम, ज्यांना सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१ म्हणतात, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांसाठी मोकळे केले. ते विनामूल्य उतरवून घेता येतात. सर्व राक्षस आणि पात्रांचे सर्व उपप्रकार त्यात नाहीत, पण विझार्ड आहे, क्लेरिक आहे आणि फायरबॉलही आहे. तुमचे कॅम्पेन त्यावर चालेल.

कॅरेक्टर मारू नका. तो गेल्यावर पहिल्याच सेशनला त्याच्या चोराला ड्रॅगनने खाल्ले, ही बातमी आळीत पोहोचायला एक दिवस पुरेल, आणि तो त्याचा अपमानच असेल. ते कॅरेक्टर कोणत्या तरी कामासाठी दूर देशी गेले असे एका वाक्यात सांगा आणि पुढे चला.

उरलेल्या चौघांबरोबर पुन्हा सेशन झिरो, म्हणजे खेळण्याआधी बोलून घेण्याची बैठक, घ्या. टेबलावर काय चालेल आणि काय चालणार नाही, हे या वेळी आधी बोलून घ्या. जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांनी सुचवलेले एक्स-कार्डही ठेवा: टेबलाच्या मध्ये फुली काढलेले एक कार्ड असते, कोणालाही एखादा प्रसंग नकोसा झाला की त्याने त्याला हात लावायचा, आणि कारण न विचारता तो प्रसंग तिथेच सोडून सर्वांनी पुढे जायचे. मराठी घरांतल्या मुलींना “हे मला आवडले नाही” असे सर्वांसमोर म्हणणे किती जड जाते ते मला माहीत आहे. कार्डाला बोट लावणे तेवढे जड जात नाही. आमच्या टेबलावर सहा वर्षांत ते तीनदा वापरले गेले, आणि त्यातल्या दोन वेळा मला स्वतःला अंदाजही नव्हता की कोणाला काही खुपते आहे.

मांडवीकर, रत्नागिरी

गणेश चतुर्थीच्या तीन दिवस आधी संध्याकाळी मी त्याला मांडवीच्या जेटीवर बोलावले. पाऊस उघडला होता, भरती होती. भेटल्या भेटल्या मी सांगितले, “अरे, हे मला जड जाते आहे, पण यापुढे तू आपल्या रविवारच्या गटात नसावास असे मी ठरवले आहे.” मग सांगितले का ते. फासे उचलल्याचे आणि सराईचे, एवढेच.

तो म्हणाला, “तिने तक्रार केली ना?” मी म्हटले, “मी समोर बसलो होतो. मला कोणी सांगण्याची गरज नव्हती.” मग तो म्हणाला की खेळ मी आणला. मी म्हटले, होय, तूच आणलास, आणि आम्ही जे काही खेळतो ते तुझ्याचमुळे. त्यावर त्याने विचारले, “मग आजपर्यंत का नाही बोललास?” ताईंनी आधीच सांगितले होते, तरी तो प्रश्न प्रत्यक्ष ऐकताना माझ्या घशाला कोरड पडली. मी म्हटले की मला भीड पडली, आणि ती माझी चूक होती. तो जेटीच्या टोकापर्यंत गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला. रागाने काही बोलला, ते इथे लिहीत नाही. परत येण्याबद्दल त्याने विचारले नाही. जाताना एवढेच म्हणाला, “माझ्या कॅरेक्टरला मारू नकोस.” मी कबूल केले.

दुसऱ्या दिवशी पुस्तके आणि फासे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्याच्या घरी नेऊन दिले. पुस्तके काकूंनी घेतली. त्यांना काही माहीत नसावे, कारण त्यांनी चहाला थांबवले. नकाशाबद्दल मी त्याला संदेश पाठवला होता, त्यावर “तो मला हवा आहे” असे उत्तर आले, म्हणून तोही गुंडाळी करून दिला.

दापोलीच्या मित्राने सांगितल्याप्रमाणे मी आरतीला गेलो. त्याच्या हातात झांजा होत्या, मी दाराजवळ उभा राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, पण सुखकर्ता संपून पुढची आरती सुरू होताना दुसरी झांजांची जोडी माझ्या हातात देण्यासाठी त्याने ती शेजारच्या मुलाकडे सरकवली. यातून काही अर्थ काढावा की नाही, हे मला कळलेले नाही, आणि मी तो काढत बसणार नाही.

गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतरच्या रविवारी आम्ही पाच जण बसलो. खेळलो नाही, सेशन झिरो घेतले. पावसची एस.टी. सुटायच्या अर्धा तास आधीच आवरले, तरी ती शेवटच्या गाडीपर्यंत थांबली. एक्स-कार्ड तिनेच कापून आणले होते, लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूचे. नव्या नकाशासाठी आलेख कागद आणला आहे, तो या वेळी दोघे मिळून काढणार आहेत. सहापैलू फासे बाजारात ल्यूडोच्या सामानात मिळाले, आठ नग घेतले. बाकीचे मुंबईहून मागवले आहेत, ते यायला आठवडा लागेल, त्यामुळे पुढचे सेशन एक रविवार पुढे ढकलले आहे.